तार तुटली की नुसती गप्प झाली?

१३ नोव्हेंबर २००२, बुधवार. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात बेथ इस्रायल डिकनेस मेडिकल सेंटर नावाचे मोठे रुग्णालय आहे. हार्वर्डचे वैद्यकीय विद्यार्थी तिथे शिकतात. त्या दिवशी दुपारी तिथले संगणक मंदावले. संगणक विभागाचे प्रमुख होते डॉ. जॉन हलाम्का. हे गृहस्थ स्वतः तातडीच्या विभागात काम करणारे डॉक्टर. साधी ई-मेल जायलासुद्धा वेळ लागतोय, हे त्यांच्या लक्षात आले. संध्याकाळी कामाचा भार उतरला तसा थोडा आराम पडला. ताप उतरल्यावर रुग्णाच्या नातेवाइकांना वाटते तसे सगळ्यांना वाटले, की गेले संकट. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माणसे कामावर आली, संगणक सुरू झाले आणि सगळे जाळे पुन्हा आडवे झाले.

त्या सुमारास आपल्याकडच्या बहुतेक सरकारी रुग्णालयांत संगणक असलाच तर कार्यालयात, पगारपत्रके काढायला. बोस्टनच्या या रुग्णालयात मात्र रक्ताच्या तपासण्या मागवणे, त्यांचे निकाल पाहणे, औषधे लिहिणे, एक्स-रे आणि स्कॅन बघणे, हे सारे पडद्यावर आले होते. गुरुवारी त्यांनी ठरवले की आता कागदावर जायचे. कागदावर जायचे म्हणजे काय, हेच अनेक तरुण डॉक्टरांना ठाऊक नव्हते. हाताने औषधांची चिठ्ठी आणि तपासणीचा अर्ज त्यांनी कधी लिहिलाच नव्हता. मग जुन्या डॉक्टरांनी नव्यांना शिकवले. निकालांचे कागद घेऊन माणसे मजल्यामजल्यांवर धावू लागली. काही तास तर तातडीच्या विभागाकडे येणाऱ्या रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या. जाळे पूर्ववत झाले ते सोमवारी, १८ तारखेला.

या घटनेवर २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लेख आला. संगणकाच्या बिघाडाला या वैद्यकीय नियतकालिकाने जागा दिली, यावरूनच तिचे गांभीर्य कळावे. हलाम्का यांनीही झाकाझाक केली नाही; आपल्याकडे काय चुकले ते त्यांनी उघडपणे सांगितले. रुग्णालयांनी असे करणे किती दुर्मीळ आहे, हे या व्यवसायातल्या कुणालाही विचारा.

मला या प्रसंगात रस आहे तो एका वेगळ्या कारणाने. त्या चार दिवसांत रुग्णांची साठवलेली माहिती नाहीशी झाली नव्हती. कुणी बाहेरून हल्ला केला नव्हता. मोठे संगणक धडधाकट होते, टेबलावरचेही धडधाकट होते. आजार होता तो मधल्या दुव्यांचा. मेंदू शाबूत, हातपाय शाबूत, पण मधला निरोप पोचत नाही, असे रुग्ण आम्ही वॉर्डात पाहतो. तशातलाच हा प्रकार. आणि त्याहून गंमत म्हणजे, दुवा तुटला आहे का हे ओळखण्यासाठी जी व्यवस्था बसवली होती, तिनेच आजार वाढवला.

हे नीट समजायचे तर थोडे मागे जावे लागेल.

संगणक एकमेकांना जोडण्याची जी पद्धत आज घराघरांत आणि कार्यालयांत आहे, तिचे नाव इथरनेट. रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात तिचे टिपण लिहिले आणि डेव्हिड बॉग्स यांच्यासोबत ती उभी केली. सुरुवातीला सगळ्यांसाठी एकच जाड केबल असे. ती व्हरांड्यातून, छतावरून फिरवायची आणि जागोजागी तिला संगणक जोडायचे. एकाच नळावर सगळ्या चाळीने हंडे लावावेत, तशी ही सोय. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबून, थोडा वेळ जाऊ देऊन पुन्हा बोलायचे.

या केबलच्या दोन्ही टोकांना एक छोटी टोपी लागे. टोपी नसेल तर टोकाला पोचलेला संकेत आदळून मागे येई आणि नव्या संकेतांत मिसळे. त्यामुळे केबल मधेच कुठे तुटली, तर तुटलेल्या जागेपलीकडचे संगणक बंद पडत एवढेच नव्हे, अलीकडचेही बंद पडत. एका टेबलाखाली कुणाचा पाय लागून जोड निसटला की अख्खा मजला मुका. आणि दोष नेमका कुठे, हे शोधायला माणसाने केबलच्या कडेकडेने रांगत जायचे.

केबल लांबवण्यालाही मर्यादा होती. जाड केबलचा एक तुकडा ५०० मीटरपर्यंत, पातळ केबलचा १८५ मीटरपर्यंत. त्यापुढे संकेत क्षीण होतो. मग मध्ये रिपीटर बसवायचा, म्हणजे आलेला संकेत ताजा करून पुढे ढकलणारी पेटी. आपल्या मज्जातंतूंवरही ठरावीक अंतराने आवरण उघडे असते आणि तिथे विद्युत संकेत पुन्हा नव्या जोमाने उठतो. ही योजना निसर्गाने आधीच केली आहे. पण रिपीटर बुद्धिमान नव्हता. आलेला गोंगाटही तो इमानेइतबारे पुढे पाठवी. म्हणून पुढे ब्रिज आला आणि त्याचाच धाकटा, चलाख भाऊ म्हणजे आजचा स्विच. कोणता संगणक कोणत्या बाजूला आहे हे तो लक्षात ठेवतो आणि निरोप त्याच बाजूला सोडतो. माहीत नसेल तर मात्र सगळ्या बाजूंना सोडतो. हे शेवटचे वाक्य जरा ध्यानात ठेवा.

स्विचने जाळे वाढवणे फार सोपे झाले. नवा वॉर्ड आला, लावा स्विच. नवे यंत्र आले, त्याच स्विचला आणखी एक स्विच. बोस्टनमध्ये हेच झाले होते. १९९६ मध्ये बेथ इस्रायल आणि डिकनेस ही दोन रुग्णालये एकत्र आली. दोघांची जाळी जोडली, मग गरजेप्रमाणे तुकडा तुकडा वाढवत नेली. प्रत्येक जोड त्या त्या वेळी बरोबरच होती. संपूर्ण जाळ्याचा नकाशा मात्र एका कुणाच्या डोक्यात उरला नव्हता. जुन्या वाड्याला खोल्या काढत जावे आणि एक दिवस कळावे की जिना कुठल्याच मजल्याला धड जात नाही, तसे.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येऊ. स्विचला पत्ता माहीत नसला किंवा निरोप सर्वांसाठीच असला, की तो आलेली वाट सोडून बाकी सगळ्या वाटांनी प्रत पाठवतो. समजा, दोन स्विचमध्ये दोन तारा आहेत. एक तुटली तर दुसरी असावी, असा शहाणा विचार करून कुणीतरी जोडलेल्या. मग एका तारेने गेलेला निरोप दुसऱ्या तारेने परत येतो, पुन्हा पहिल्या तारेने जातो आणि फिरत राहतो. इथरनेटच्या निरोपावर ‘इतक्या टप्प्यांनंतर मरावे’ असे काही लिहिलेले नसते. तो फिरतच राहतो. त्याच्या प्रती होतात, त्या प्रतींच्या प्रती होतात. काही क्षणांत सगळ्या तारा या भुतांनी भरून जातात आणि खऱ्या निरोपाला वाट राहत नाही.

हे वाचून कोणत्याही फिजिशियनला एक आजार आठवेल. काही माणसांच्या हृदयात वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एकाऐवजी दोन विद्युत वाटा असतात. एकीने संकेत खाली उतरतो, दुसरीने वर चढतो आणि गोल गोल फिरू लागतो. बसल्या जागी नाडी मिनिटाला १८० पर्यंत जाते. तरुण मुलगी घाबरीघुबरी होऊन येते, छातीत पाखरू फडफडतेय म्हणते. बरोबरचे म्हणतात, परीक्षेचे टेन्शन आहे. ईसीजी काढला की कळते. यातल्या एका प्रकाराचे वर्णन १९३० मध्ये वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी केले. यातल्या वुल्फ यांनी याच बेथ इस्रायल रुग्णालयात काम केले, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. हृदयाला निदान एक संरक्षण असते: एकदा उद्दीपित झालेली पेशी थोडा वेळ पुढचा संकेत घेत नाही, त्यामुळे फेऱ्यांच्या वेगाला लगाम राहतो. तारांना तेवढाही लगाम नाही.

अशा हृदयावर कायमचा उपाय म्हणजे नळी आत घालून ती जादा वाट जाळून टाकणे. संगणकाच्या जाळ्यात मात्र जादा वाट जाळून चालत नाही. ती तर आपण मुद्दाम, आणीबाणीसाठी ठेवलेली. तेव्हा ती असावी, पण एरवी बंद असावी आणि पहिली तुटली की आपोआप उघडावी. हे साधले रेडिया पर्लमन या अमेरिकी संगणकतज्ज्ञ बाईंनी. १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत असताना त्यांनी जी रीत शोधली, तिला ‘स्पॅनिंग ट्री’ म्हणतात. सगळे स्विच आपसांत बोलून एक मूळ ठरवतात. प्रत्येक जण मुळापर्यंतची आपली सर्वांत सोयीची वाट निवडतो आणि वेटोळे होईल अशा वाटा मिटून घेतो. राहते ते झाड. झाडाला फांद्या असतात, वेटोळे नसते. कुणी वरून हुकूम सोडत नाही, तरी सगळे मिळून एकाच झाडावर येतात. वैद्यकाच्या माणसालाही हेवा वाटावा इतकी ही सुबक कल्पना आहे.

पण वाट तुटली हे कळायचे कसे? तार स्वतःहून ‘मी तुटले’ असे सांगू शकत नाही. म्हणून मुळाशी बसलेला स्विच दर दोन सेकंदांनी एक छोटा निरोप सोडतो: मी आहे. बाकीचे तो पुढे पुढे देत राहतात. हा निरोप येत राहिला तोवर सगळे ठीक. सलग वीस सेकंद आला नाही, की पलीकडचा गेला असे धरायचे आणि मिटलेली वाट उघडायच्या तयारीला लागायचे. तीही लगेच उघडायची नाही. पंधरा सेकंद ऐकायचे, पंधरा सेकंद कोण कुठे आहे ते शिकायचे, मग उघडायची. सगळे मिळून सुमारे पन्नास सेकंद.

म्हणजे निदान मौनावरून करायचे. आमच्या शास्त्रात हे जुने आहे. हृदयाचा ठोका वरच्या कप्प्यातल्या एका केंद्रातून मिनिटाला ६० ते १०० वेळा निघतो. तिथून काही आले नाही तर मधले केंद्र वाट पाहून स्वतः सुरू होते, मिनिटाला ४० ते ६० च्या चालीने. तेही गप्प राहिले तर खालचे कप्पे स्वतःच्या मंद गतीने चालू लागतात, २० ते ४०. जितके खाली जावे तितकी वाट पाहण्याची मुदत लांब. या केंद्रांनाही आम्ही ‘नोड’च म्हणतो आणि संगणकवालेही त्यांच्या जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला ‘नोड’ म्हणतात.

पेसमेकरचेही तेच. १९५२ मध्ये पॉल झोल यांनी छातीवर बाहेरून विजेचे झटके देऊन थांबणारे हृदय चालवून दाखवले, तेही याच बेथ इस्रायलमध्ये. आजचे पेसमेकर आधी ऐकतात. हृदयाचा स्वतःचा ठोका ठरावीक वेळात आला तर गप्प बसतात, नाही आला तर देतात. सगळी भिस्त ऐकण्यावर. ठोका येऊनही यंत्राला ऐकू आला नाही तर ते नको तिथे झटका देते. आणि स्नायूंची थरथर ठोका म्हणून ऐकली, तर गरज असताना हात आखडून बसते. ऐकणाऱ्याच्या चुकीमुळे चालू हृदयाला त्रास होऊ शकतो, हे पेसमेकर लावणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला माहीत असते.

बोस्टनमध्ये जाळ्याच्या ऐकण्यात हीच चूक झाली. निमित्त झाले एका संशोधकाच्या कामाचे. माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या एका सॉफ्टवेअरने प्रचंड प्रमाणात माहिती जाळ्यावर लोटायला सुरुवात केली. एवढ्याने चांगले जाळे पडू नये. मंद व्हावे आणि सावरावे. पण हे जाळे लांबत लांबत गेले होते. ‘मी आहे’ हा निरोप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना साधारण सातपर्यंत स्विच ओलांडेल, असे गृहीत धरून ते वीस आणि पंधरा सेकंदांचे हिशेब बसवलेले असतात. इथे एक्स-रे आणि स्कॅनच्या प्रतिमांची शाखा त्याहून दूर गेली होती. मधले स्विच माहितीच्या लोंढ्यात बुडाले. ‘मी आहे’ हे निरोप अडकले किंवा हरवले. दूरच्या स्विचने वाट पाहिली आणि निष्कर्ष काढला, की तार तुटली. खरे तर तार शाबूत होती. त्याने मिटलेली वाट उघडली आणि वेटोळे पूर्ण झाले. निरोप फिरू लागले, गर्दी आणखी वाढली, आणखी निरोप हरवले, आणखी वाटा उघडल्या.

त्यावर उपाय म्हणून जाळ्याचे काही भाग बंद करून पाहिले, तर उरलेल्या स्विचना झाड पुन्हा नव्याने मांडावे लागले आणि गोंधळ वाढला. अर्धवट माहितीवर केलेला उपचार रुग्णाला खाली कसा ओढतो, हे अतिदक्षता विभागात रात्र काढलेल्याला समजावून सांगायला नको. शेवटी यंत्रे बनवणाऱ्या सिस्को कंपनीचे अभियंते नवी यंत्रे घेऊन विमानाने आले. त्यांनी आधी जाळ्याचा नकाशा काढला आणि त्यातून सातांची मर्यादा ओलांडलेली शाखा सापडली. मग भागांमध्ये राउटर बसवून जाळ्याचे कप्पे पाडले. राउटरमधून जाणाऱ्या पाकिटावर आयुष्य लिहिलेले असते. प्रत्येक टप्प्यावर त्यातून एक वजा होतो आणि शून्य झाले की पाकीट फेकले जाते. भुते जन्मली तरी म्हातारी होऊन मरतात, आणि एका कप्प्यातले वादळ त्याच कप्प्यात राहते. कुणा रुग्णाला यामुळे गंभीर इजा झाल्याचे पुढे आले नाही. माझ्या मते त्याचे श्रेय यंत्रांपेक्षा त्या गुरुवारी वेळेवर कागद हातात घेण्याच्या निर्णयाला जाते.

त्याआधीच, २००१ मध्ये, स्पॅनिंग ट्रीची वेगवान आवृत्ती आली होती. त्यात प्रत्येक स्विच शेजाऱ्याशी थेट बोलतो, तीन हाका चुकल्या की शेजारी गेला असे धरतो आणि वाट उघडण्याआधी पलीकडच्याची संमती घेतो. पन्नास सेकंदांचे काम काही सेकंदांवर, कधी त्याहूनही कमी वेळावर आले. तरीही मूळ पेच सुटत नाही. मुदत आखूड ठेवली तर नुसत्या गर्दीलाही मरण समजण्याचा धोका. लांब ठेवली तर खरेच मेलेल्याची वाट पाहण्यात वेळ जातो. चाचणीत कुठे रेघ मारायची, हा प्रश्न आम्हाला रोज पडतो. खोटी घंटा नको आणि चुकलेला रुग्णही नको. दोन्ही एकदम शून्यावर आणता येत नाही.

दुवा ओळखण्याच्या बाकीच्या रीती सोप्या आहेत आणि तुम्हीही त्या वापरता. घरातल्या राउटरच्या मागे केबल खोचतो तिथे एक छोटा हिरवा दिवा असतो. १९९० मध्ये पिळाच्या तारांवरचे इथरनेट प्रमाणित झाले, तेव्हा ठरले की निरोप नसला तरी दोन्ही टोकांनी साधारण दर १६ मिलिसेकंदांनी एक सूक्ष्म स्पंदन पाठवायचे. ते आले की दिवा लागतो. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते. पण दिवा लागला म्हणजे निरोप पोचतात, असे नाही. नाडी लागते म्हणून मेंदूला रक्त पुरते असे म्हणता येत नाही, तसेच. काचतंतूच्या केबलमध्ये तर जायचा आणि यायचा तंतू वेगळा असतो. त्यातला एकच तुटला तर मी बोललेले तुम्हाला ऐकू येते, तुमचे मला नाही. आणि तुम्ही मात्र समजता की संवाद छान चाललाय. हा अर्धांगवायू पूर्ण तुटण्यापेक्षा वाईट, कारण वेटोळे होऊ शकते ते अशाच वेळी.

पलीकडच्या यंत्रापर्यंत वाट आहे का, हे पाहायला ‘पिंग’ आहे. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक मूस यांनी एका नेटवर्कची तक्रार शोधताना हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून नाव ठेवले. हाक मारायची, प्रतिसादाला किती वेळ लागला ते मोजायचे. दहा हाकांपैकी तीन हरवल्या तर तार तुटलेली नाही, आजारी आहे.

आणि तुटलेली जागा जमिनीखाली असेल तर? तिथे आमच्या सोनोग्राफीचे भावंड उपयोगी पडते. काचतंतूत प्रकाशाचा एक झोत सोडायचा आणि परत येणारा प्रकाश मोजायचा. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे परतीला एक मायक्रोसेकंद लागला तर दोष १०० मीटरवर. तांब्याच्या तारेत विजेचा संकेत सोडतात. तार तुटलेली असेल तर प्रतिध्वनी सरळ येतो, दोन तारा एकमेकींना चिकटल्या असतील तर उलटा. रस्ता न खणता दोष कुठे आणि कोणता, दोन्ही कळते. आमच्या मज्जातंतूंच्या तपासणीतही संकेताचा वेग आणि उंची पाहून आवरण खराब आहे की तंतूच गेला आहे, हे सांगतात. मनगटात चिमटलेली नस शोधायला हीच तपासणी लागते.

आता आपल्याकडे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. केसपेपर काढायला येणारे लोक आता मोबाइल पुढे करून कोड स्कॅन करतात. सीटीची प्रतिमा तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर क्षणात येते. मेंदूत रक्तस्राव झालेला तरुण आला, तर फिल्म वाळायची वाट पाहण्याचे दिवस मी पाहिले आहेत. मला ते परत नको आहेत. पण जितके आपण त्या तारेवर विसंबू तितकी ती तार औषधाच्या साठ्याइतकी, ऑक्सिजनच्या नळीइतकी महत्त्वाची होते. ऑक्सिजनच्या नळीचा नकाशा अभियंत्याकडे असतो, कोणत्या मजल्याचा व्हॉल्व कुठे हे सिस्टरांना ठाऊक असते. संगणकाच्या जाळ्याचा नकाशा किती रुग्णालयांत भिंतीवर आहे?

आमच्याकडे एका वॉर्डातले संगणक अधूनमधून बंद पडत. तक्रार दिली की माणूस यायचा, बंद करून चालू करायचा, जायचा. शेवटी एक चिकाटीचा तरुण तंत्रज्ञ तारेच्या मागे मागे गेला, तेव्हा कपाटाच्या मागे आठ तोंडांचा एक छोटा स्विच सापडला. कुणी, कधी लावला, कुणालाच माहीत नाही. जागा कमी पडली म्हणून बाजारातून आणलेला असणार. त्याच्यातून निघालेली एक तार त्याच्यातच परत खोचलेली होती. सफाई करताना मोकळे टोक दिसले आणि रिकामे भोक दिसले, म्हणून कुणीतरी सद्भावनेने ते बसवले असेल. असले स्वस्त स्विच स्पॅनिंग ट्री वगैरे काही जाणत नाहीत. दिवे मात्र सगळे लागलेले, जोरजोरात लुकलुकणारे. मामा म्हणाले, ‘साहेब, हा तर सगळ्यात जास्त काम करतोय.’

असे काही घडले की काय करायचे, याची तयारी महाग नसते. दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्याने सर्व्हर बंद पडले. कारण अगदी वेगळे, पण वॉर्डातला परिणाम तोच: कित्येक दिवस ओपीडी, भरती, तपासण्या, सगळे हाताने. अशा वेळी वॉर्डात कोरे फॉर्म हवेत आणि ते कुठे आहेत हे रात्रपाळीच्या सिस्टरना माहीत हवे. भरती रुग्णांची यादी आणि चालू औषधे दिवसातून दोनदा छापून ठेवावीत. पॅथॉलॉजीने जिवाला धोका दाखवणारे निकाल, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, साखर, फोनवर कळवावेत आणि ऐकणाऱ्याने ते परत वाचून दाखवावेत. फोनची तार त्याच जाळ्यावरून जात नाही ना, हे मात्र आधी पाहून घ्यावे. हल्ली बऱ्याच ठिकाणी टेबलावरचे फोनही त्याच स्विचला जोडलेले असतात, आणि हे कळते ते दोन्ही एकदम गप्प झाल्यावर.

आणि निवासी डॉक्टरांना वर्षातून एकदा, एक दिवस, सगळे कागदावर करायला लावावे. आमच्या नव्या तुकडीतल्या एकाने परवा विचारले, ‘सर, इनडेंट बुक म्हणजे काय?’ सिस्टरांनी कपाटातून काढून त्याच्या हातात ठेवले. शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची होती.